पिंपाभोवतीच्या फेऱ्या

शाळेच्या आठवणींत स्नेहसंमेलनं, सहली, छड्या यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे प्रयोगशाळेमागच्या खोलीतल्या पिंपाबद्दल.

आम्ही नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी दुर्बिणीचा आरसा घासायला काढला. सहा इंची. त्यासाठी निवडलेल्यांत हुशार म्हणावं असं कोणीच नव्हतं. पहिल्या बाकांवरची मंडळी परीक्षांत गुंतलेली, आणि सरांना बहुधा रिकामे हातच हवे होते.

कृती अगदी साधी. काचेच्या दोन सारख्या, जाड चकत्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी कठीण पूड आणि पाणी टाकायचं, दुसरी वर ठेवून मागेपुढे घासायची. थोडं घासलं की वरची काच जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा सुरू. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. चार फूट नाभीय अंतर, म्हणजे दूरचा प्रकाश आरशापासून चार फुटांवर एकवटायला हवा असेल तर सहा इंची आरशाला मध्यभागी खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर.

पण आकाराची अचूकता हवी ती सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. आमच्या हातांनी ती कशी येणार? सर म्हणाले, "ते काच बघून घेईल, तुम्ही फिरत राहा." त्यांनी हे फळ्यावर समजावलंही. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, फिरवले तरी एकमेकांवर चपखल बसायचे असतील, तर ते गोलाचेच भाग असावे लागतात. जिथे उंचवटा, तिथे आधी झिजतं. हात थरथरला, जोर कमीजास्त पडला, तरी पुढच्या फेऱ्यांत ते फिटून जातं. 'अंगातच असावं लागतं' असं कोणी म्हणालं की मला हा फळा आठवतो.

खरी कसोटी घासण्यात नव्हती, धुण्यात होती. ८० नंबरच्या पुडीनंतर १२०, मग २२०, असं बारीक होत जायचं, आणि दर वेळी काच, पिंप, बादली, टेबल, हात सगळं स्वच्छ. सर आमची नखंसुद्धा तपासत. मागच्या पुडीचा एक कण राहिला की ओरखडा, आणि ओरखडा पडला की परत जाड पूड. कंटाळून काही जण गळले. त्यांना दोष देत नाही, काम खरंच कंटाळवाणं होतं.

पॉलिशच्या वेळी सरांनी विल्यम हर्शेल यांची गोष्ट सांगितली. पेशाने संगीतकार, आरसे घरीच घडवायचे. एकदा सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. बहीण कॅरोलिन घास भरवत होती. १३ मार्च १७८१ रोजी युरेनस सापडला तो त्यांनीच घडवलेल्या ६.२ इंची आरशातून. आमचा जवळपास तेवढाच, हे कळल्यावर आम्ही उगाच ताठ झालो.

शेवटी फुको चाचणी. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून प्रकाश, समोर दाढीचं पातं, आणि आरशावर पडलेल्या सावल्यांतून कळणारे उंचसखल भाग. सरांनी आरशावर क्षणभर अंगठा टेकवायला लावला. पात्याआडून पाहिलं तर तिथे टेंगूळ! अंगठ्याच्या उबेने काच फुगली होती. ती निवेपर्यंत आम्ही आळीपाळीने बघत राहिलो. पुढे त्या दुर्बिणीतून शनीची कडीही पाहिली, पण मला जास्त आठवतं ते टेंगूळच.

तो आरसा शाळेत असेल तर त्यावरचा प्रकाश परतवणारा अ‍ॅल्युमिनियमचा थर आता गेला असणार. काचेला काही होत नाही, थर पुन्हा चढवता येतो. तो खर्च माझा. दोन नव्या चकत्या आणि पुडीही पाठवतो. पिंप आणि मुलं तेवढी शाळेने बघावीत.