आठ इंची टॅब, आत्याचं गाव आणि मेळघाट

अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसलो आणि टॅब काढला तर कंडक्टर म्हणे, "एवढा मोठा मोबाईल कायले घेतला बाप्पा?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, पाच दिवसांनी सुचलं ते इथे लिहितोय. मे महिन्यात विदर्भात फिरायला जाणारे शहाणे नसतात हे मान्यच, पण सुट्टी तेव्हाच मिळाली.

प्लॅन असा होता की आधी चिखलदरा, मग दोन दिवस चांदूर बाजारकडे आत्याच्या गावी, मग मेळघाटच्या जंगलातलं सेमाडोह. लॅपटॉप घरी ठेवला, फक्त आठ इंची टॅब घेतला, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, खांद्यावरच्या छोट्या पिशवीत मावतो. सिम नसलेला, वायफायवाला. इथेच पहिली चूक झालेली होती पण ती घाटात कळली.

परतवाड्याच्या लॉजवर वायफाय होतं तेव्हा नकाशावर निळा ठिपका बरोबर लॉजवर दिसत होता. सकाळी चिखलदऱ्याची गाडी घाट चढायला लागली तरी ठिपका आपला लॉजवरच! मला वाटलं अ‍ॅप अडकलं, दोनदा बंदचालू केलं. मग लक्षात आलं की माझ्या टॅबात जीपीएसच नाही, तो आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधत होता आणि जंगलात कुठलं आलंय वायफाय. जीपीएसला नेट लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं, म्हणजे आत बसवलेलं असतं तर रेंज नसतानाही ठिपका हलला असता. तर घेणार असाल तर बॉक्सवर किंवा साइटवर जीपीएस लिहिलंय का ते आधी बघा, वायफायवाल्या बऱ्याच मॉडेलात नसतं. आणि गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पायी चालायचा नाही. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर पायवाटा हव्या असतील तर ऑरगॅनिक मॅप्ससारखं अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून न्या.

गाविलगड बाकी जबरदस्त. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्यानेच, हा किल्ला घेतला. टॅबात आधीच सेव्ह केलेली माहिती दरवाज्यात उभं राहून वाचायची असं ठरवून गेलो होतो, वाचायला घेतलं तर स्क्रीन काळीकुट्ट. बिघडला म्हणून घामच फुटला. गॉगल काढला तर सगळं नीट दिसतंय! पोलराइज्ड (चकाकी कमी करणाऱ्या) गॉगलमधून स्क्रीन आडवी धरली की काळी दिसते, उभी धरली की ठीक. काही टॅबांचं उलटं असतं, आपला तपासून घ्या. आणि उन्हात डार्क मोड बंदच करा, त्यात काही म्हणजे काही दिसत नाही.

खरा शत्रू ऊनच. चिखलदऱ्याहून आत्याकडे येताना टॅब खिडकी आणि सीटच्या फटीत ठेवून मी झोपलो, कव्हर काळं, ऊन पश्चिमेचं. उठलो तर टॅब तव्यासारखा, स्क्रीनवर गरम झाल्याचा मेसेज आणि बंद. सेमाडोहच्या बुकिंगची पावती त्यातच! आत्याने लगेच "माठावर ठेव" सांगितलं, तेवढं मात्र ऐकलं नाही, एकदम गार केलं की आत ओल धरते. सावलीत कव्हर काढून अर्धा तास ठेवला, चालू झाला. तेव्हापासून पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स खिशात, मूळ ओळखपत्रही सोबत. चार्जिंगही रात्रीच करा, दुपारी गरम खोलीत टॅब चार्ज व्हायलाच तयार नसतो. पॉवर बँकेवर 10000 एमएएच लिहिलेलं असतं पण हातात साधारण सहा-साडेसहा हजारच येतात, म्हणजे माझा 5000 चा टॅब एकदा पूर्ण आणि वर थोडंसं.

आत्याकडे मात्र या पाटीने (टॅबला तिने दिलेलं नाव) खरी कमाल केली. तिचा सातबारा डाउनलोड करून दिला, मोबाईलवर तिला अक्षरं दिसत नाहीत. तिच्या हाताला कणीक होती, बोटं फिरवली तर स्क्रीन हलेना, मग पदराला हात पुसून दोन बोटांनी असं मोठं केलं की एकच ओळ राहिली. "हे पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) एवढं कसं काय दाखवते?" मी पोहे संपवेपर्यंत तिने तलाठ्याला फोनही लावला होता. संत्र्याच्या बागेचे माझे फोटो कोणी बघितले नाहीत. तसे टॅबचे फोटो वाईटच येतात, त्याच्यासाठी मोबाईलच वापरा.

सेमाडोहला आमच्या मोबाईलच्या सिमला रेंज जवळपास नव्हती. मेळघाट म्हणजे देशातल्या पहिल्या 9 व्याघ्रप्रकल्पांतलं जंगल, रेंज कशाला पाहिजे म्हणा, पण पैसे मात्र नोटांत न्या, क्यूआर कोड लावलेला असून चहाचे 20 रुपये जाईनात. सफारीत टॅब-मोबाईल चालतो का ते गेटवर आधी विचारा. संध्याकाळी सिपना नदीजवळ बसून डायरी लिहायला घेतली, बोलून टाईप करायला माझ्या टॅबला नेट लागतं म्हणून बोटानेच लिहिली, हळूहळू, डास मारत.

एसटीच्या वेळा नेटवर बघून निघू नका. परतवाडा स्टँडवर उतरल्या उतरल्या बोर्डाचा फोटो काढा आणि तरीही चौकशीच्या खिडकीवर विचारा, आमची सेमाडोहवरून जाणारी धारणीची गाडी बोर्डावर होती आणि त्या दिवशी नव्हती.