गाडीतला साउंड काढून हॉलमध्ये का आणला, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटलेले मित्र, ऑफिसातले लोक, गाडी सर्व्हिसिंगला टाकतो तिथली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. गाडीत एवढा भारी साउंड होता, काढलास कशाला? आणि काढलास तर काढलास, हॉलमध्ये हे एवढे स्पीकर, ते सगळे चालवणारा तो रिसीव्हर, वायरी, हे कशाला, एक साउंडबार घेतला असता तर भागलं नसतं का? मग थोडं थांबून, वय झालं वाटतं आता, किंवा बायकोने काढायला लावलं असणार.

दोन्ही नाही. बायकोचा गाडीतल्या साउंडवर कधीच आक्षेप नव्हता, हॉलमधल्यावर मात्र होता आणि अजून थोडा आहे. दरवेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन विषय बदलतो, कारण खरं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून एकदाच नीट लिहितोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

आधी गाडीबद्दल, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की तो सगळा धिंगाणा होता. नव्हता. सेकंडहँड मारुती ८०० मध्ये मागच्या ट्रेवर ओव्हल स्पीकर ठोकून फिरणं, पुण्याच्या तपकीर गल्लीत शनिवार घालवणं, नाना पेठेतून ट्रेचं प्लायवूड कापून आणणं, हे सगळ्यांनीच केलं. पण स्विफ्ट आल्यावर मी जे केलं ते वेगळं होतं. चारी दारांचे पत्रे आतून कंप दाबणाऱ्या डॅम्पिंग शीटने मढवले, पुढे कंपोनंट स्पीकर, त्यांचे बारीक आवाजाचे ट्विटर वेगळे, ए-पिलरवर म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबांवर, सीटखाली फोर चॅनल अँप, डिकीत सील्ड बॉक्समध्ये बेसचा १० इंची वूफर, आणि या सगळ्यांचा आवाज जुळवणारा डीएसपी. अल्टरनेटरची शिट्टी, म्हणजे रेस केली की स्पीकरमधून बारीक कुईं वाढत जातं ते, काढायला कितीतरी रात्री गेल्या आणि शेवटी अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग घासून पत्रा उघडा केल्यावर ती गेली. त्या रात्रीचा आनंद मला अजून आठवतो.

आता डीएसपी काय करतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपण बसतो उजवीकडे. उजव्या दाराचा स्पीकर कानापासून साधारण ९० सेंटीमीटरवर, डाव्या दाराचा दीड मीटरवर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे या ६० सेंटीमीटरच्या फरकाने डावीकडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच नाही, पण कानाला आधी पोचलेल्या बाजूनेच आवाज आल्यासारखं वाटतं, त्यामुळे सगळं गाणं उजव्या गुडघ्यापाशी गोळा होतं. डीएसपीत उजवा स्पीकर तेवढाच उशिरा वाजवायचा, पातळी जुळवायची, की गायिका थेट डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभी राहते, तबला तिच्या डावीकडे, हार्मोनियम उजवीकडे. ज्याने हे एकदा ऐकलं त्याला परत साधा कारस्टिरिओ ऐकवत नाही. आणि ही पुढची स्टेज, म्हणजे समोर मांडलेली ही मैफल, स्वच्छ राहावी म्हणून मागचे स्पीकर बंद करतात, मीही केले होते. यात चुकीचं काही नाही, आजही गाडीत एकट्याने ऐकणाऱ्याला मी हेच सांगेन.

एकट्याने, हा मुद्दा आहे. तो मला कळला कोल्हापूरला जाताना.

चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. आई-बाबा मागे, बायको माझ्या शेजारी. बाबा आयुष्यभर फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापलं लोखंड ठोकतात तिथे, ड्रॉप हॅमरशेजारी. त्या काळात कानात कापसाचे बोळे घालायचे तेवढंच. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि हॅमर पडतो तिथे आवाज १०० च्या वर सहज जातो, त्यामुळे बाबांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, टीव्ही मोठा लावतात, हाक दोनदा मारावी लागते, इतपतच. खंबाटकी उतरल्यावर मी मुद्दाम त्यांच्यासाठी माणिक वर्मा लावल्या. त्यांच्या आवडीच्या. मला खरंच दाखवायचं होतं त्यांना, की हा जो इतका पैसा आणि वेळ मी घालवतो, ज्यावरून तुम्ही कधी बोलला नाहीत पण तुमच्या चेहऱ्यावर दिसायचं, तो कशासाठी, ते एकदा ऐकाच.

थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर बाबा दोन सीटच्या मधून पुढे वाकून बसलेले, हात कानामागे. म्हटलं कसं वाटतंय. म्हणाले, "आवाज येतोय रे, शब्द येत नाहीत."

मी आवाज वाढवला. आईने लगेच कान झाकले, कारण वूफर तिच्या पाठीमागे डिकीत. मी बेस कमी केला, परत आवाज वाढवला, तर माझ्याच कानाला ट्विटर टोचायला लागले आणि मागे तरीही शब्द नाहीत. साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी बायकोला मागे बसवलं आणि बाबांना पुढे, माझ्या डावीकडे. परत तेच गाणं लावलं. बाबा जरा वेळ ऐकून म्हणाले, "आता ती खिडकीतनं गातेय." अगदी बरोबर बोलले होते ते. माझ्यासाठी उजवा स्पीकर उशिरा लावलेला, त्यांच्यासाठी तो आधीच लांब, म्हणजे त्यांना सगळं डाव्या काचेत चिकटलेलं ऐकू येणार. मी गाडी बाजूला घेऊन फोनवर सेटिंग काढून बसलो. डिले, म्हणजे तो उशीर, काढला, मग माझ्याकडची स्टेज मोडली, त्यांच्याकडे थोडी सुधारली असेल, मी विचारतोय आता, आता कसं, आणि बायको मागून म्हणतेय मुहूर्त टळेल चला. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. तू ऐक तुझं. मला नाही कळत त्यातलं."

त्यांना नाही कळत असं ते म्हणाले. ज्या माणसाने माणिक वर्मा रेडिओवर ऐकून पाठ केल्या होत्या आणि मला शिकवल्या होत्या. पुढे कोल्हापूरपर्यंत मी काहीच लावलं नाही, आणि लग्नात मी कुणाशी धड बोललो नाही हे बायकोने नंतर सांगितलं.

परत आल्यावर बाबांची कानाची टेस्ट केली. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. बूथमध्ये बसवून हेडफोन लावतात, शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे जाड आवाजाला, पटापट बटण दाबत होते, मग शिटी बारीक होत गेली तसं त्यांचं बोट नुसतं बटणावर, आणि चेहरा परीक्षेत बसलेल्या मुलासारखा, कधी येणार कधी येणार असा. ग्राफ १००० हर्ट्झपर्यंत ठीक आणि ४००० ला धाडकन खाली. ऑडिओलॉजिस्टनी समजावलं की यंत्रांच्या आवाजाने जातं ते पहिलं याच भागात जातं. आणि स, श, च, त, फ ही व्यंजनं मुख्यतः याच वरच्या भागात असतात, स्वर खाली असतात. म्हणजे साप, ताप, चाप, त्यांना तिन्ही जवळपास सारखेच. बोलणं सुरू आहे हे कळतं, काय बोलणं ते अंदाजाने. वर असं की अशा कानाला हळू ऐकूच येत नाही आणि मोठं पटकन सहन होत नाही, मधली जागा फार थोडी उरते. नुसता व्हॉल्यूम वाढवून त्यांचं काहीच होणार नव्हतं.

मला ग्राफ वाचता येतो. मी वर्षानुवर्षं स्पीकरचे ग्राफच बघत होतो, ४००० ला दोन डेसिबल वर की खाली यावर लोकांशी तासन्‌तास वाद घातलेत. आणि गाडीत मागची सीट म्हणजे काय, तर डिकीतला वूफर पाठीशी आणि पुढच्या दारातला वरचा सगळा आवाज पुढच्या सीटच्या पाठींनी अडवलेला. नेमकं जे बाबांना लागतं तेच तिथे पोचत नव्हतं.

इथे माझ्यातला पंचविशीतला मुलगा वाद घालतो. म्हणतो, मग मागे दोन स्पीकर लावायचे, डीएसपीत दुसरा प्रीसेट करायचा, काढायचं कशाला? बरोबर आहे त्याचं, जमलं असतं. पण बाबा गाडीत बसतात कितीसे? त्यांचा दिवस जातो हॉलमध्ये टीव्हीसमोर, आणि आताच्या बारीक टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागच्या भिंतीकडे तोंड करून असतात. शब्द तिथे मरतात. अँप, डीएसपी, वूफर एका होतकरू पोराला विकले, त्याने बॉक्स उचलताना जपून धरला ते बघून बरं वाटलं. गाडीत आता कंपनीचाच स्टिरिओ आहे. हो, मला त्रास होतो. लाँग ड्राइव्हला अजूनही होतो.

तर होम थिएटरची सुरुवात मी सेंटर स्पीकरपासून, म्हणजे टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरपासून केली, बेसच्या सबवूफरपासून नाही, आणि सगळे इथेच उलटं करतात. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत, संवाद जवळपास सगळे सेंटरमधून येतात. म्हणजे संगीत, गोळीबार, पाऊस जिथे आहे तिथे ठेवून फक्त बोलणं रिसीव्हरमधून ३-४ डेसिबलने वर करता येतं. साध्या दोन स्पीकरच्या टीव्हीत हे असं वेगळं काढताच येत नाही. साउंडबार का नाही याचं अर्धं उत्तर हे. ज्या साउंडबारला वेगळा सेंटर असतो आणि त्याची पातळी वेगळी बदलता येते तो घ्या, लहान बेडरूमला पुरतो, मी कुणाला अडवलेलं नाही. सेंटर टीव्हीखाली कपाटात आत ढकलू नका, फळीच्या कडेपर्यंत पुढे आणा आणि पुढून थोडा उचला म्हणजे तोंड कानाकडे येईल. मी दाराखाली लावायचे रबरी पाचर लावलेत.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे खोली. व्हिट्रिफाइड टाइल्स, रिकाम्या भिंती, बाल्कनीची सरकती काच, आपले सगळ्यांचे हॉल असेच. टाळी वाजवून बघा, मागे झण्ण येतं. तेच प्रत्येक शब्दाच्या शेपटाला चिकटतं आणि चांगल्या कानालाही ऐकायला मेहनत पडते, बाबांचं तर विचारूच नका. काचेचं टीपॉय काढलं, जाड पडदे, खाली सतरंजी, बाजूच्या भिंतींवर आवाज शोषणारं रॉकवूल भरून कापड लावलेल्या फ्रेम. यावरचा खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त. मग सोफा. आमचा हॉल १६ फूट लांब, म्हणजे ३५ हर्ट्झला त्याचा बेस घुमतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं की तो घुमणारा बेस सगळ्यात जास्त मिळतो. सोफा अडीच फूट पुढे घ्यावा लागला. बायको म्हणते हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा दिसतो. यावर अजून तडजोड चालू आहे, पाहुणे आले की सोफा मागे जातो.

मागे दोन सराउंड स्पीकर आहेत, सबवूफर आहे, ८० हर्ट्झला कापलेला, म्हणजे त्याखालचाच आवाज वाजवणारा, खाली जाड फोम, रात्री १० नंतर बंद, कारण खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे आणि बेस स्लॅबमधून जातो. अॅटमॉस म्हणजे छतातून येणारा आवाज, तो नाही केला. विचारू नका, छतात भोकं पाडायची नाहीयेत.

आता तुम्हाला वाटेल की बाबांचा प्रश्न सुटला. नाही सुटला. मशीन लावलंय कानाला, त्याने बराच फरक पडला, माझ्या सेंटर स्पीकरपेक्षा जास्त पडला असेल, हे मी मान्य करतो. जुनी मराठी नाटकं, बातम्या, मुलाखती आता नीट ऐकतात. नव्या सिनेमात नट पुटपुटतात तिथे अजूनही आईला विचारतात, काय म्हणाला. कधीकधी मशीन काढून ठेवतात आणि नुसतं चित्र बघतात, मग मला राग येतो, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नाही. मशीन आल्यावर हॉलमध्ये मी परत माणिक वर्मा लावल्या होत्या. शब्द येतात म्हणाले. आवाज आधीसारखा वाटतो का विचारलं तर म्हणाले नाही. मशीनमुळे तसं होतं, सगळं थोडं पत्र्यासारखं, हे मला वाचून माहीत होतं.

बाबांची टेस्ट केली त्याच दिवशी माझीही केली. ४००० ला माझ्याही ग्राफला छोटा खड्डा आहे. गाडीमुळे की माझ्या कामावरच्या शॉप फ्लोअरमुळे, ते कुणी सांगू शकत नाही, मी सांगितलं तर ते माझ्या सोयीचं असेल. शॉपमध्ये आता इअरमफ घालतो.

तर यापुढे "अमुक बजेटमध्ये काय घेऊ" असं विचारू नका, मला उत्तर देता येत नाही. हॉलची लांबी, रुंदी, उंची फुटात पाठवा, काच कुठल्या भिंतीला आहे ते सांगा, आणि घरात कोण कुठे बसून ऐकतं ते लिहा. ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याची जागा आधी सांगा, सेंटरचं तोंड तिकडे ठेवू, बाकीचे स्पीकर मग बघू.