रक्त कशासाठी, असे तुम्ही विचारलेत म्हणून

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली आहे हे कळले, की बोलणे हमखास एका प्रश्नावर येते: तुमच्या देवाला पूर्वी इतक्या जनावरांचे रक्त कशाला लागत होते? विचारणाऱ्यांपैकी काही जण शाकाहारी असतात, काहींच्या गावच्या जत्रेत आजही बोकड कापला जातो. सूर मात्र एकच असतो. अनेक वर्षे मी त्यावर ठरलेले उत्तर दिले. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले तेव्हापासून आमच्यात बळी नाहीत, देवाला बळी नको, दया हवी असे होशेय संदेष्ट्याने त्याच्याही कितीतरी आधी सांगितले होते, आणि आमच्या मलिद्यात, म्हणजे आजच्या आमच्या अर्पणात, तर पोहे, नारळ नि साखर असते, असे सांगून मी विषय बदलत असे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, पण ते उत्तर शरमेतून आलेले होते, हे आज मला मान्य करावे लागते.

मी दहा वर्षांची असताना, एका सणाच्या आदल्या दिवशी, अलिबागजवळच्या आमच्या गावी हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे आणि धर्मविधीप्रमाणे जनावर कापणारे, आले होते. घरची तांबडी कोंबडी धरायला बाबांनी मला सांगितले. तिला रोज कण्या मीच घालत असे. हझानांनी सुरीची धार नखावरून सावकाश फिरवून पाहिली. धारेला बारीकशी खाच लागली असती, तरी त्यांनी ती सुरी बाजूला ठेवली असती. माझ्या बोटांखाली कोंबडीचे काळीज इतके जोरात उडत होते, की ते तिचे की माझे हेच मला कळेना. सुरी फिरली, आणि ते उडणे माझ्या हातातच मंदावत थांबले. मग हझानांनी आशीर्वचन म्हणून अंगणात सांडलेल्या रक्तावर मूठभर माती टाकली. माती कशाला, असे मी रडत रडत विचारले. "मांस आपल्याला दिलंय, बाळा. रक्त आपलं नाही," एवढेच बाबा म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि कोणी आग्रहही केला नाही.

पुढे आमच्या तोरा या धर्मग्रंथातले, अर्पणांचे नियम सांगणारे लेवीयाचे पुस्तक स्वतः वाचू लागले, तेव्हा ते अंगण मनात होतेच. होमार्पण, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायचे अर्पण, आणणारा माणूस जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो आणि ते कापतोही तोच. रक्त वेदीपाशी नेण्याचे याजकाचे काम त्यानंतर सुरू होते. या अर्पणाला हिब्रूत कोर्बान म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी जवळ येणे आहे. कुर्बानी आणि करीब हे आपल्या ओळखीचे शब्द त्याच घराण्यातले. 'बळी' म्हटले की देवाची भूक डोळ्यांसमोर येते, पण मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, असे पन्नासाव्या स्तोत्रात देवच बजावतो. दुसऱ्याचे लुबाडले असेल तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा आधी त्याला परत करायचा, दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर. दोन होलेही परवडत नसतील, तर पापार्पण म्हणून एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ आणले तरी क्षमा मिळत असे, रक्ताचा थेंबही न सांडता.

मग रक्ताशिवाय भागत होते, असे मी सरळ का सांगत नाही? कारण जीव रक्तात असतो आणि प्रायश्चित्त रक्ताने होते, असेही त्याच पुस्तकात काही अध्यायांनंतर लिहिले आहे. ही दोन्ही वाक्ये जुळवून दाखवणाऱ्या कोणत्याही भाष्याने माझे समाधान झालेले नाही.

मंदिरातली ती सेवा पुन्हा सुरू व्हावी, अशी मागणी आमच्या रोजच्या प्रार्थनेत आहे. पूर्वी मी ती ओळ गाळत असे. आता म्हणते, आणि म्हणताना बोटांखाली ते काळीज उडत असते. ते सगळे खरोखरच पुन्हा सुरू व्हायला हवे आहे का, असे तुम्ही लगेच विचाराल. मला नको आहे. तरीही ती ओळ मी यापुढे गाळणार नाही.