तापमान जागेवर, रेषा मात्र सरकलेली

आमच्या सॅम्पलची काच आर्सेनिक आणि गंधकाची. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर झाकायला जे पिवळं हरताळ लावत, त्यातलेच हे दोन घटक. या काचेचा पातळ पापुद्रा, त्यात अतिसूक्ष्म भोकांच्या रांगा. मधली काही भोकं किंचित हलवली की प्रकाश तिथे अडकतो. हीच कॅव्हिटी. 1550 नॅनोमीटरच्या आसपास लेसरची तरंगलांबी फिरवली की ग्राफवर जेमतेम 0.1 नॅनोमीटर रुंदीचा खड्डा दिसतो. हीच कॅव्हिटीची रेषा.

त्या दिवशी तो खड्डा एका जागी ठरेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चांगला नॅनोमीटरभर लांब तरंगलांबीकडे गेला.

"मॅडम, स्टेज तापतंय बहुतेक," सॅम्पलखालच्या बैठकीकडे बघत ज्युनिअर म्हणाला. त्याचा संशय वावगा नव्हता, आधी तो सिलिकॉनवर काम करायचा. पण एवढं सरकायला सिलिकॉनलाही बारा-तेरा अंश लागतात, या काचेला त्याहून बरेच जास्त. तापमान कंट्रोलरचा आकडा तर ढिम्म.

मग लेसरचीच उष्णता असेल का? पॉवर वाढवली. खड्डा एका अंगाला कलला आणि लांब तरंगलांबीकडची कड एकदम तुटली. ही उष्णतेची खूण. पॉवर उतरवताच आकार पूर्ववत झाला, सकाळची जागा मात्र काही परत आली नाही.

राहता राहिला मायक्रोस्कोपचा हॅलोजन दिवा. फायबर जुळवताना कॅमेऱ्यात दिसावं म्हणून तो चालूच असतो, त्याच्याकडे कोण बघतंय! 1550 चा प्रकाश या काचेतून आरपार जातो, पण हिरवा-निळा ती शोषते. मग आतले बंध बदलतात आणि अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती मंदावते त्याचं माप, वाढतो; अडकणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही मग लांबते. दिव्यापुढे लाल फिल्टर लावला. रेषा जागच्या जागी. फिल्टर काढला, की लागली चालायला.

सरांना हे कळल्यावर ते खूशच झाले. शेजारच्या दोन कॅव्हिटी एकाच तरंगलांबीवर हव्या होत्या, पण भोकं पाडताना होणाऱ्या बारीक फरकाने त्या जुळत नव्हत्या. "जिची रेषा मागे आहे तिच्यावर हिरवा लेसर मार," ते म्हणाले. प्रकाशाने झालेला बदल दिवा बंद केल्यावरही टिकतो. सिलिकॉनमध्ये यासाठी हीटर सतत चालू ठेवावा लागला असता.

संध्याकाळी आम्ही अगदी मंद लेसर टाकून, शटर थोडं थोडं उघडत रेषा पुढे नेली आणि मुद्दाम जरा अलीकडेच थांबवली. मागे आणायची तर काच 180 अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि तेवढ्या तापमानाला ती मऊ पडायला लागते. भोकं शाबूत राहतील याची हमी मी तरी देणार नाही.