खोक्यावर नाव नसलं तरी

वायरलेस माऊसच्या खोक्याच्या पाठीवर, चष्मा लावूनही नीट वाचता येऊ नये अशा अक्षरांत, एक यादी छापलेली असते. विंडोज १०, विंडोज ११, मॅकओएस अमुक आणि त्यापुढचं, फार तर क्रोमओएस. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा माणूस ही यादी दोनदा वाचतो आणि खोकं इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात परत फळीवर ठेवतो. दुकानदाराला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "भिया, विंडोज में तो दौड़ेगा, बाकी का अपन को नी मालूम." दुकानदार खोटं बोलत नाही, पण ती यादी मुळात माऊसची नसतेच. माऊसबरोबर जे सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगतात, त्याची ती यादी. कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस कोणत्या प्रश्नांना उत्तर देईल, एवढंच ती सांगते. माऊसला मात्र कोणाच्या परवानगीची फारशी गरज पडत नाही.

हा प्रश्न हल्ली इंदूरच्या मराठी घरांत वाढला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. त्यामुळे राजेंद्रनगर, रामबागेतली कितीतरी धडधाकट यंत्रं एका रात्रीत म्हातारी ठरली. कोणाच्या तरी भाच्याने येऊन त्यांत लिनक्स घातलं, भाचा पुण्याला परत गेला, आणि काका नव्या माऊसचं खोकं हातात धरून बसले.

काकांनी आधी रिसीव्हरकडे बघावं, म्हणजे माऊसबरोबर येणारा, संगणकाच्या यूएसबीत खोचायचा तो नखाएवढा तुकडा. सगळी मेख त्यात आहे. संगणकाला माऊस बिनतारी आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्या दृष्टीने यूएसबीत एक साधा माऊस खोचलेला आहे. यूएसबी १९९६ साली आलं, आणि कीबोर्ड, माऊस अशा हातांनी चालवायच्या वस्तूंसाठी एचआयडी नावाचा एक सामाईक वर्ग ठरला. त्याची १.११ ही आवृत्ती जून २००१ ची. त्यात माऊसचा निरोप सगळ्यात साध्या रूपात तीन बाइटचा असतो: पहिल्यात कोणतं बटण दाबलं, दुसऱ्यात आडवी हालचाल, तिसऱ्यात उभी. एवढं वाचायला बायोससुद्धा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागा होणारा यंत्रातला मूळ कार्यक्रमसुद्धा, पुरेसा असतो. माऊस आणि रिसीव्हर आपसांत २.४ गिगाहर्ट्झवर कंपनीच्या खासगी भाषेत बोलतात, पण रिसीव्हर संगणकाशी बोलतो ती हीच सामाईक भाषा. इंदुरी मराठी माणसासारखंच की हे: घरात मराठी, राजवाड्यावर गेलं की हिंदी, आणि सराफ्यातल्या दुकानदाराला घरातल्या मराठीशी काही देणंघेणं नाही.

म्हणून खोचल्यावर कर्सर हलला नाही, तर दोष कोणत्या बाजूचा हे आधी ठरवावं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एल-एस-यू-एस-बी (lsusb) ही पाच अक्षरं छोट्या लिपीत टाइप करावी आणि एंटर दाबावं. यादीत रिसीव्हर दिसला (लॉजिटेकचा युनिफाइंग असेल तर ०४६डी:सी५२बी या क्रमांकाने दिसतो), तर संगणकाची बाजू बहुधा ठीक आहे. मग दोष पलीकडे. सेलजवळची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढलेली नाही, पोटाखालचं बटण बंद आहे, सेल उलटा बसला आहे, किंवा जोडणी तुटली आहे. यादीत काहीच नवं दिसलं नाही, तर पोर्ट बदलावा, मधला हब काढून टाकावा. ही एक चाचणी केली की निम्मी डोकेदुखी जाते. लोक मात्र ती सोडून ड्रायव्हर शोधत बसतात. ड्रायव्हर तर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासूनच बसलेला असतो.

आता सगळ्यात फसवा प्रकार. माऊस चालतो, पण अडखळत. कर्सर उड्या मारतो, हात लांब नेला की थांबतो. सगळे सेलवर संशय घेतात. खरा गुन्हेगार बऱ्याचदा तो निळ्या जिभेचा पोर्ट असतो. यूएसबी ३.० मधून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती जाते, आणि त्या वेगाचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क लावून मोठी फाइल कॉपी करायला घ्यावी आणि माऊस हलवावा. तेव्हाच तो अडखळायला लागला, तर निदान पक्कं. उपाय स्वस्त आहे: रिसीव्हर काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावावा. तो नसेल तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि रिसीव्हर डिस्कपासून दूर, माऊसच्या जवळ आणावा. कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंत आणि पत्र्याच्या मध्ये रिसीव्हर खोचून पुढे टेबलावर माऊस चालवण्याचा हट्ट तर अजिबात धरू नये. जागा साफ राहते हे खरं, पण लोखंडी पत्रा रेडिओलहरींना आडवा येतो.

आणि टेबलावर काच असेल, काचेखाली लग्नमुंजींचे फोटो असतील, तर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम मदत करणार नाही. माऊसचा सेन्सर पृष्ठभागाची छायाचित्रं सेकंदाला हजारोंनी काढून त्यांची तुलना करतो. गुळगुळीत काचेवर त्याला तुलनेसाठी खूणच सापडत नाही. वर्तमानपत्राचा तुकडा पुरतो.

जोडणी तुटलेली असेल तर गोष्ट जरा तांत्रिक होते. लॉजिटेकचे युनिफाइंग रिसीव्हर २००९ मध्ये आले. त्यांवर नारिंगी चांदणीसारखी खूण असते, आणि एका रिसीव्हरला सहापर्यंत वस्तू जोडता येतात. २०२१ मधले बोल्ट रिसीव्हर वेगळ्या जातीचे. दोन्ही जाती एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे 'कंपनी तीच आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही. लिनक्सवर जोडणीसाठी सोलार नावाचा कार्यक्रम आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो सापडतो. बसवल्यावर रिसीव्हर एकदा काढून पुन्हा खोचावा, नाहीतर 'परवानगी नाही' असा संदेश येतो, कारण परवानगीचा नवा नियम रिसीव्हर खोचतानाच लागू होतो. मग नवं उपकरण जोडा म्हणावं, माऊस बंद करून चालू करावा, झालं. सेल किती उरला आहे तेही तिथेच दिसतं. सोलार नको असेल तर शेजारच्या विंडोज यंत्रावर जोडणी करून रिसीव्हर उचलून आणावा. जोडणीची नोंद रिसीव्हर आणि माऊस यांच्यातच राहते, संगणकात नाही.

कंपनीचं सॉफ्टवेअर नसल्याने खरोखर एक गोष्ट आपली आपण करावी लागते, ती म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'माऊसजॅक' नावाची त्रुटी उघड झाली. लांबून कोणी तुमच्या रिसीव्हरला खोटी अक्षरं टाइप करायला लावू शकत होता, आणि त्यात एकाच कंपनीचे रिसीव्हर नव्हते. युनिफाइंगसाठीची दुरुस्ती लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी या साधनाने होते. तेवढी करून घ्यावीच. बाजूच्या बटणांची फारशी चिंता नको, मागे-पुढे जाण्याची बटणं ब्राउझरमध्ये आपोआप चालतात. डीपीआय, म्हणजे कर्सरची चपळाई, बदलायचा असेल तर सोलार किंवा पायपर हा कार्यक्रम पाहावा.

लॅपटॉपवर आणखी एक तक्रार हमखास येते. काही क्षण हात थांबला की माऊस झोपतो, आणि क्लिक केल्याशिवाय उठत नाही. बॅटरी वाचवणाऱ्या एखाद्या साधनाने रिसीव्हरची वीज आपोआप तोडायची मुभा दिलेली असते. कर्नलमधली ठरावीक मुदत दोनच सेकंदांची. त्या उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमधल्या 'कंट्रोल' या नोंदीत 'ऑटो'च्या जागी 'ऑन' लिहिलं की झोप उडते. पण संगणक बंद-चालू झाला की बदल पुसला जातो, म्हणून यूडेव्हचा, म्हणजे खोचलेली उपकरणं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, कायमचा नियम लिहावा लागतो.

ब्लूटूथ माऊसला रिसीव्हर नाही, म्हणून मधला दुभाषाही नाही. जोडून झाल्यावर 'ट्रस्ट' द्यायला लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी माऊस अनोळखी होतो. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर दोघांच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या पडतात, आणि एकीकडे जोडला की दुसरीकडे तुटतो. अशा घरात रिसीव्हरवालाच माऊस घ्यावा.

हौशी लोक याहून मागे जातात, पार विंडोजच्या आधीच्या डॉसपर्यंत. तिथेही काम होऊ शकतं: बायोसमध्ये 'लेगसी यूएसबी सपोर्ट' चालू करायचं, म्हणजे बऱ्याच यंत्रांवर रिसीव्हर हा पीएस/२, म्हणजे जुन्या गोल पिनांचा, माऊस असल्याची बतावणी होते, आणि क्यूटमाऊससारखा छोटा ड्रायव्हर त्यावर चालतो. यूएसबीचं पीएस/२ करून देतो म्हणणारा तो हिरवा, गोल पिनांचा जोड मात्र विकत घेऊ नये. त्यात कसलीही चिप नसते, फक्त तारा इकडच्या तिकडे केलेल्या असतात. रिसीव्हरला स्वतःला पीएस/२ येत असेल तरच तो उपयोगी पडतो, आणि हल्लीच्या रिसीव्हरना ते बहुधा येत नाही.

स्वस्तातल्या माऊसची जोडणी बहुतेक वेळा कारखान्यातच झालेली असते आणि घरी पुन्हा करता येत नाही. वाचनालयासाठी एकाच जातीचे दोन माऊस घेतले आणि झाडलोटीत रिसीव्हरची अदलाबदल झाली, तर इकडच्या टेबलावर हात फिरतो आणि तिकडच्या पडद्यावर कर्सर पळतो. लिनक्सला दोष देण्याआधी रिसीव्हर अदलून पाहावेत, आणि माऊसच्या पोटावर व त्याच्या रिसीव्हरवर नेलपॉलिशचा एकाच रंगाचा ठिपका द्यावा. लाल एकाला, गुलाबी दुसऱ्याला, एवढं पुरे.