हाताखालची माणसं

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गाला 'माझे वडील' यावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या. आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. एका मुलीनं लिहिलं होतं की तिचे वडील गावातल्या एका शेतकऱ्याचे 'इन्फीरिअर' आहेत. वडील सालगडी. तिला म्हणायचं होतं, ते त्यांच्या हाताखाली काम करतात. शब्दकोशात 'कनिष्ठ' बघून पहिला सापडलेला शब्द तिनं घेतला होता.

माझे वडीलही सालगडीच होते. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. त्या वहीवर लाल रेघ मारायला माझा हात उठेना.

दुसऱ्या दिवशी तास त्यावरच घेतला. 'सबऑर्डिनेट' म्हणजे क्रमानं खालचा. नायब तहसीलदार तहसीलदाराचा सबऑर्डिनेट. बदली झाली की ते नातं संपलं. 'इन्फीरिअर' मात्र प्रत सांगतो. हलक्या कापसाला जो शब्द लावतात, तोच माणसाला लागतो. ब्रिटिश मुलखात शिपायांच्या नोकरीला सरकारी नियमांतच 'इन्फीरिअर सर्व्हिस' म्हणत. मला ते आजही वाचवत नाही.

एकानं विचारलं, "सर, मग पिऊन?" पिऊन म्हणजे मुळात पायदळातला सैनिक, आणि आपला फारसीतून आलेला 'शिपाई'ही सैनिकच. दोघंही कचेरीच्या दारातल्या स्टुलावर येऊन बसले. मेक्सिकोत मात्र पूर्वी पिऊन म्हणजे मालकाच्या कर्जात अडकलेला मजूर. अमेरिकेनं असली वेठ 1867 मध्ये कायद्यानं बंद केली, आपल्याकडं वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा. हे सांगताना वर्ग गप्प झाला. निम्म्या घरांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते.

इंग्रजीत मजुराला 'हँड' म्हणतात, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्यात कोयता म्हणतात, सर. आई-दादा मिळून एक कोयता." नवरा-बायको दोघं राबणार आणि टोळीत मोजणार एक. यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या मुलीनं निबंध पुन्हा लिहून आणला. इन्फीरिअर गेला होता. वडील सालानं शेतात काम करतात आणि पेरणीची तिफण धरण्यात गावात त्यांचा हात कुणी धरत नाही, असं तिनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. तिफणीला इंग्रजी शब्द शोधला नव्हता. मी तो तसाच राहू दिला.