सिलिॲक असलेल्यांनी कम्युनियन कसं घ्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

मुलीला सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार) निघालाय आणि पहिलं कम्युनियन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा प्रभुभोजनाचा विधी) तोंडावर आलंय, आता करायचं काय? हा प्रश्न आईवडील नेहमी विचारतात. त्यामागोमाग दुसरा येतो: तांदळाची होस्ट (कम्युनियनला देतात ती पातळ भाकर) चर्चला का चालत नाही? तिसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो: कॉन्सिक्रेशननंतर (फादरच्या प्रार्थनेने भाकर ख्रिस्ताचं शरीर झाल्यावर) ती भाकर उरतच नाही ना, मग ग्लूटेन बाधेल कसं?

तिसरा आधी घेते, कारण तिथे गफलत झाली तर भोगायचं आतड्याला. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बदलतं ते वस्तूचं मूलतत्त्व. रंग, चव, वजन, पोत ही बाह्य लक्षणं जशीच्या तशी राहतात आणि त्यांचे परिणामही राहतात. थॉमस अक्वायनस या धर्मपंडितांनी तेराव्या शतकातच विचारलं होतं की कॉन्सिक्रेशन झालेल्या भाकरीने शरीराचं पोषण होतं का, आणि उत्तर 'होतं' असं दिलं. पुराव्यादाखल त्यांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र (११:२१) पुढे केलं. त्यात प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी कुणी उपाशी राहतो तर कुणी झिंगतो, अशी तक्रार आहे. द्राक्षारसाने झिंग येत असेल तर ग्लूटेनने आतडं सुजणारच. 'श्रद्धा असेल तर काही होत नाही' हा सल्ला ना वैद्यकाला धरून आहे, ना धर्मशास्त्राला.

आता आतड्यात काय होतं ते पाहू. ग्लूटेन म्हणजे मुख्यतः ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं. त्यांच्यात प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, त्यामुळे आपली पाचक विकरं त्यांचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जवळजवळ अखंड पुढे सरकतो. आतड्याच्या अस्तरातलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यातल्या काही ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल करतं. तुकड्यावर ऋण भार येतो आणि प्रतिकारशक्तीला असे तुकडे दाखवणाऱ्या एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंच्या खाचेत तो घट्ट बसतो. तिथून टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चेततात, इंटरफेरॉन गॅमा हा दाह वाढवणारा पदार्थ स्रवतो, अस्तरातल्या मारक पेशी जाग्या होतात आणि अन्न शोषणाऱ्या रसांकुरांची लव सपाट होते. या रेणूंची जनुकं युरोपीय वंशाच्या तीस-चाळीस टक्के लोकांत असतात, पण आजार होतो साधारण शंभरात एकाला. भारतात तो गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत फारच कमी आढळतो. म्हणूनच आपल्याकडे तो लवकर कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरी गोम मात्रेत आहे. २००७ साली इटलीतल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याचं अस्तर बिघडलं. रोज १० मिलिग्रॅमच्या आतबाहेर बहुतेकांना सोसतं असं साधारण मानलं जातं, सगळ्यांना नव्हे. लोकांना देतात ती छोटी होस्ट पाव ग्रॅमच्या आसपास धरा. गव्हाच्या पिठात दहा टक्के ग्लूटेन धरलं तर एका होस्टमध्ये २५ मिलिग्रॅम झालं. 'एवढासा तुकडा तर आहे' म्हणून रोज मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) ती घेणारी व्यक्ती कदाचित बरी होतच नाही, आणि मग डॉक्टर घरातल्या पोळपाट-लाटण्यावर संशय घेत बसतात. होस्टचा चतुर्थांश तुकडा घेतला तरी सहा मिलिग्रॅम होतंच.

लो-ग्लूटेन होस्टचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन भगिनी (नन) गव्हाच्या स्टार्चपासून जी होस्ट बनवतात, तिच्यात ग्लूटेन ०.०१ टक्का असतं, म्हणजे दशलक्ष भागांत १००. इथे लोक दचकतात, कारण 'ग्लूटेन-फ्री' लेबलाची मर्यादा २० भागांची आहे. आपल्या एफएसएसएआयचीही (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही) तीच. २० ते १०० ला ते 'लो ग्लूटेन' म्हणतात. पण लेबल सांगतं ते दर किलोमागचं प्रमाण, आतड्याला भिडते ती प्रत्यक्ष पोटात गेलेली मात्रा. पाव ग्रॅमच्या ०.०१ टक्का म्हणजे ०.०२५ मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅम भरायला अशा चारशे होस्ट लागतील. वीस भागांच्या मर्यादेत बसणाऱ्या 'ग्लूटेन-फ्री' ब्रेडच्या दोन स्लाइसमधूनही अशा एका होस्टहून जास्त ग्लूटेन पोटात जाऊ शकतं.

हे सगळं सिलिॲकपुरतंच बरं का. खरी गव्हाची ॲलर्जी हा निराळा आजार आहे. त्यात आयजीई प्रतिपिंडं असतात, लक्षणं काही मिनिटांत उठतात आणि ग्लूटेनखेरीज गव्हाची इतर प्रथिनंही त्रास देऊ शकतात. अशा माणसाने लो-ग्लूटेन होस्टच्या वाटेलाही जाऊ नये. म्हणून निदान नीट हवं: टीटीजी-आयजीए (सिलिॲकची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी), त्यासोबत एकूण आयजीए (ते मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी खोटा दिलासा देते) आणि डॉक्टर म्हणतील तर बायोप्सी. चाचणीआधी गहू बंद करू नका. बंद केलात तर प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि अहवाल नॉर्मल निघतो.

आता तांदळाचं. कॅनन ९२४ (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) म्हणतो की भाकर फक्त गव्हाची आणि ताजी असावी, द्राक्षारस द्राक्षांचाच असावा, नासलेला नको. जुलै २००३ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत विभागाने सगळ्या बिशप परिषदांना पत्र लिहून खुलासा केला: ग्लूटेन पूर्ण काढलेली होस्ट अवैध. ज्यात थोडं ग्लूटेन आहे आणि बाहेरचं काही न मिसळता, भाकरीचा स्वभाव न बदलता जिची भाकर होते, ती वैध. २०१७ च्या पत्रात हेच पुन्हा सांगितलं आणि जनुकीय बदल केलेल्या पिकांपासून केलेली भाकर आणि द्राक्षारसही वैध ठरवले. लोकांना हा हट्ट वाटतो. मला तो अडचणीचा पण सुसंगत नियम वाटतो. टी पेशी 'किती?' विचारते, चर्च 'हे काय आहे?' विचारतं, आणि ०.०१ टक्क्यापाशी दोघांचं जमतं.

या वादाची एक जुनी गंमत आहे. अक्वायनस यांनी नेमका गव्हाच्या स्टार्चचाच प्रश्न घेतला होता. स्टार्च हा कुजलेल्या गव्हाचा असतो, त्यामुळे त्याची भाकर चालेलसं दिसत नाही, काहींचं मत मात्र उलट आहे, असं ते लिहितात. 'कुजलेला' हे उगाच नाही. जुन्या पद्धतीत गहू कित्येक दिवस पाण्यात आंबवत. जिवाणू ग्लूटेनची जाळी सैल करून टाकत आणि तळाशी पांढरा साका बसे. आपल्या गव्हाच्या कुरडयांचा चीक असाच निघतो. आज कारखान्यात बहुधा कणीक पाण्याखाली धुऊन स्टार्च वेगळा करतात, आंबवण्याची गरज पडत नाही.

सूक्ष्मजीवांचं ते काम प्रयोगशाळेत मात्र पुढे गेलं. निवडक लॅक्टोबॅसिलस आणि बुरशीची प्रोटीएज (प्रथिनं तोडणारी) विकरं वापरून इटलीतल्या संशोधकांनी गव्हाच्या पिठातलं ग्लूटेन दशलक्षात २० भागांच्या खाली नेऊन दाखवलं. ब्रेडसाठी ही मोठी गोष्ट आहे, होस्टसाठी उलटी: ग्लूटेन पुरतं मोडलं की २००३ च्या पत्राप्रमाणे ती अवैधतेकडे सरकते. ॲस्परजिलस नायगर या बुरशीच्या विकराच्या गोळ्याही मिळतात. त्या पोटात थोडंफार ग्लूटेन मोडतात, पण गोळी घेऊन साधी होस्ट खाणं हा उपचार नव्हे, जुगार आहे.

प्रत्यक्षात काय करायचं? घटकांत फक्त गव्हाचा स्टार्च आणि पाणी असलेली होस्टच मागवा. ऑनलाइन मिळणाऱ्या 'ग्लूटेन-फ्री' होस्ट बऱ्याचदा तांदूळ, बटाटा, टॅपिओका यांच्या असतात. कॅथलिक मिस्सात त्या निरुपयोगी. परवानगी बिशपांच्या अखत्यारीत असते, म्हणून पॅरिश प्रीस्टशी आधीच बोला. ग्लूटेनची ओढ नसल्याने ही होस्ट ठिसूळ असते, पावसाळ्यात पटकन ओल धरते, त्यामुळे हवाबंद डबी हवी. ती डबी बंद ठेवूनच ऑल्टरवर (वेदीवर) न्यायची आणि कॉन्सिक्रेशनही तशीच ठेवून करायचं. सगळं मुसळ केरात जातं ते शेवटच्या क्षणी: फादर दोनशे साध्या होस्ट वाटलेल्या बोटांनीच ती उचलतात. मिलिग्रॅमभर चुरा म्हणजे ०.१ मिलिग्रॅम ग्लूटेन, खुद्द होस्टच्या चौपट. म्हणून डबी तुम्हीच उघडून घेता येईल का ते विचारा, किंवा सगळ्यांच्या आधी घ्या.

ज्यांना तेही नको, त्यांना फक्त द्राक्षारस घेता येतो. हे अर्धं कम्युनियन नव्हे. ख्रिस्त दोन्हींपैकी कुठल्याही एका रूपातही पूर्ण असतो, असं ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ मध्ये ठरवून सांगितलं आहे. मात्र मुख्य चषक चालत नाही, कारण फादर होस्टचा एक तुकडा त्यात टाकतात आणि कधी होस्ट बुडवूनही वाटली जाते. तुमच्यासाठी वेगळा छोटा चषक असावा, त्यात तुकडा पडू नये आणि त्यातून दुसऱ्या कुणी पिऊ नये. वैद्यकाच्या बाजूने विचाराल तर मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भाकर चषकातच घालून चमच्याने देतात. तिथे कॉन्सिक्रेशनच्या वेळीच वेगळा चषक ठेवण्याबद्दल बोलावं लागतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रश्न बराच सोपा आहे. पुष्कळ ठिकाणी तांदळाचा वेफर चालतो, फक्त ताट वेगळं ठेवा. द्राक्षारसाचा प्रश्नही तिथे जुना आहे. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचे मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी पाश्चरची युक्ती वापरून बाटलीबंद रस गरम केला, यीस्ट मारलं आणि प्रभुभोजनासाठी न आंबणारा रस तयार केला.

कॅथलिकांत मद्य अजिबात न चालणाऱ्यांसाठी 'मुस्तुम' आहे, म्हणजे ताजा किंवा आंबणं थांबवून टिकवलेला द्राक्षांचा रस. त्यालाही बिशपांची परवानगी लागते. उकळून अल्कोहोलचा अंशही उडवलेला बाजारातला रस त्यात बसत नाही, गोठवलेला बसतो. गोठवल्याने यीस्ट मरत नाही, निजतं. म्हणून रस लहान बाटल्यांत, वर जागा सोडून गोठवा, एका मिस्सापुरती बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढा आणि उरलेला रस पुन्हा गोठवू नका. सॅक्रिस्टीत (चर्चचं सामान ठेवण्याच्या खोलीत) मे महिन्यात ती बाटली तशीच राहिली तर एक-दोन दिवसांत बुडबुडे येतात. तो रस वाईनच्या वाटेला लागलेला असतो. ज्यांना मद्य टाळायचं आहे त्यांना तो देऊ नका.